मुखडा सुचतो, अंतऱ्याला सगळं अडतं… आणि लिहायची सवयही टिकत नाही

काठावरचा

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथलं वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच, त्यामुळं थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. मी कोल्हापूर जिल्ह्यातला, वय ३१, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. कॉलेजपासून गाणी लिहितो. कविता नाही, गाणीच, म्हणजे ओळ येतानाच काहीतरी चाल घेऊन येते. माझा एक मित्र ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, तो ती चाल पक्की करतो आणि आम्ही दोघं त्याच्या घरी बसून रेकॉर्ड करतो, फोनवरच, फार काही सेटअप नाही.

अडचण अशी की मुखडा (गाण्याच्या सुरुवातीच्या, फिरून येणाऱ्या ओळी) होतो आणि तिथंच थांबतं, अंतरा (पुढचं कडवं) जमत नाही. काल रात्री बसून मोजले तर फोनमध्ये ४३ मुखडे निघाले आणि पूर्ण झालेली गाणी फक्त तीन. त्या तिन्हींपैकी दोन गाण्यांचे अंतरेसुद्धा मला आता वाचवत नाहीत. मुखड्यात जे म्हणायचं ते म्हणून झालेलं असतं, मग अंतऱ्यात तेच परत वेगळ्या शब्दांत येतं. मित्र म्हणतो अंतरा आला की तुझं गाणं खाली बसतं, आणि त्याचं बरोबर आहे हे मलाही ऐकताना कळतं.

दुसरं सवयीचं. फेब्रुवारीच्या शेवटी ठरवलं की रोज पहाटे पाचला उठून अर्धा तास लिहायचं. अकरा दिवस एकदम नीट झालं, मग मार्चएंडची कामं चालू झाली, घरी यायला रात्रीचे दहा-साडेदहा, एक दिवस चुकला, दुसरा चुकला आणि मग वहीकडं बघायलाच नको वाटायला लागलं, अजूनही वाटतं. तुम्ही लोक नोकरी-संसार सांभाळून कसं चालू ठेवता ते खरंच जाणून घ्यायचंय.

नुसतं बोलून काय कळणार म्हणून एक मुखडा आणि त्याचा अंतरा देतोय. केरव्यात (आठ मात्रांचा ठेका) आहे, लय मध्यम.

शेवटची ती एसटी गेली, फाट्यावरती उरली माती
हात हलवला कुणी कुणाला, दिवे लागले वळणावरती

पुन्हा एकटा उरलो मी अन् आठवणींच्या जागत राती
डोळ्यांमधुनी पाणी वाहे, कोणी नाही माझ्या साथी

जे काही चुकतंय ते मोकळेपणानं सांगा.

पेटीवाली_ताई

अरे, मुखडा चांगला आहे रे. तुला 'तू'च म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलंय, गॅदरिंगसाठी आणि भजनी मंडळांसाठी चाली बांधल्यात, तेव्हा मी गाण्याच्या बाजूनं सांगते, शब्दांबद्दल इथं माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत.

पेटी घेऊन म्हणून बघितला. सोळा-सोळा मात्रांचे तुकडे आहेत, म्हणजे केरव्याची दोन-दोन आवर्तनं, आणि एकही ओळ लंगडत नाही. कागदावर 'एसटी' पाच मात्रा होतात, पण आपण बोलतो 'एस्टी', त्या चार, आणि तू चारच धरल्यास. म्हणजे तू बोटांवर मोजत नाहीस, कानानं मोजतोस. ही मोठी जमेची गोष्ट आहे, कारण गाण्यात उच्चार मोजायचा असतो, लिहिलेलं अक्षर नाही. वृत्ताचं पुस्तक पाठ असलेले कितीतरी लोक इथं चुकतात.

आता दोन गोष्टी. 'फाट्यावरती' आणि 'वळणावरती' एकाच मुखड्यात नको, कान लगेच धरतो. पहिल्या ठिकाणी 'फाट्यापाशी' कर, मात्रा तेवढ्याच राहतात. दुसरं म्हणजे ओळीच्या शेवटचा स्वर. तुझा मुखडा 'ती'वर थांबतो. मधल्या सप्तकात ठीक आहे, पण मित्रानं जर तिथं वरचा सा लावायचा ठरवला तर गाणाऱ्याचा 'ई' पातळ होतो, चिरका लागतो. जिथं सूर लांबवायचा किंवा वर न्यायचा तिथं आ, ए, ओ द्यावा, गळा मोकळा होतो. आणि जलद लयीत 'प्रतीक्षा', 'अस्तित्व' असले शब्द टाळावे, जोडाक्षरात जीभ अडकते आणि ठेका पुढं निघून जातो. हे वाचून कळत नाही. लिहिलेली प्रत्येक ओळ उभं राहून, मोठ्यानं, टाळी देत पाच वेळा म्हण. पाचव्या वेळेला जो शब्द टोचेल तो काढ.

अंतऱ्याच्या चालीत काही दोष नाही. तो खाली का बसतो ते मला सांगता येईना, पण बसतो खरा.

ओवी_जात्यावरची

काठावरचे दादा, ताईंनी चालीचं सांगितलं, मी शब्दांचं सांगते, थोडं स्पष्ट लिहितेय म्हणून रागावू नका.

तुमचा मुखडा वाचताना मला फाटा दिसला, संध्याकाळ दिसली, टायरांनी उडालेली माती खाली बसताना दिसली. अंतरा वाचताना काहीच दिसलं नाही. 'एकटा', 'आठवणी', 'डोळ्यांत पाणी', 'साथी' हे शब्द कुणाच्याही गाण्यात चालतील, म्हणून ते तुमच्या गाण्यात उभे राहत नाहीत. मुखड्यात तुम्ही बघत होता आणि अंतऱ्यात आठवून आठवून गाण्यातले शब्द गोळा केलेत, असं मला वाटतं.

माझी आजी मुळशीकडची. तिला सही यायची नाही, अंगठा लावायची. पण जात्यावर बसली की ओवी बांधायची, जुन्या ओव्या तर म्हणायचीच पण त्यातच स्वतःची घालायची. मी लहानपणी शेजारी झोपलेली असायचे. पहिली ओळ बहुतेक सगळ्या बायकांना माहीत असलेली, ठरलेली, 'बाई', 'सांगते तुला' असले भरीचे शब्द ओळीत घालून वेळ काढायची, आणि तेवढ्या वेळात दुसरी ओळ डोक्यात जुळायची. आणि दुसऱ्या ओळीत काय यायचं तर भावाच्या टोपीचा रंग, बैलाच्या शिंगाला लावलेलं हिंगूळ, अमक्या ओढ्यापाशी तुटलेली वहाण. दुःख झालं असं ती म्हणायचीच नाही, वहाण तुटली म्हणायची, आणि ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी अशा एक लाखावर ओव्या हजारभर गावांतून गोळा केल्यात, आता त्यातल्या काही 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या साइटवर ऐकायलाही मिळतात. गाणं लिहिणाऱ्या प्रत्येकानं त्यातल्या रोज दोन ऐकाव्यात असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे गाणं लिहायची शाळा कुठंय म्हणून लोक विचारतात, ती घराघरांत होती की, जातं आणि पहाट.

तर माझा प्रश्न एवढाच: त्या एसटीत कोण होतं? खरंच कुणी होतं का? त्या माणसाच्या हातात काय होतं, आणि गाडी गेल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय केलंत? गाणं विसरा. नुसतं इथं साधं लिहून टाका.

काठावरचा

ओवीताई, राग कसला, उलट इतकं बारकाईनं कुणी वाचलं हेच खूप आहे. पेटीताई, 'फाट्यापाशी' लगेच केलं, म्हणून बघितलं, एकदम बसलं.

एसटीत माझी बहीण होती. रत्नागिरीला दिलीय तिला, आंबा घाटातून जाते गाडी. तीन वर्षांपूर्वीची भाऊबीज, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला आणि भाच्याला फाट्यावर सोडायला गेलो होतो. आईनं वाटेत खायला गरम धपाटे करून डबा दिला होता. गाडी आली, गर्दी होती, पोराला कडेवर घेऊन ती चढली आणि डबा पारावरच राहिला. मला वाटलं विसरली. गाडी वळणावर गेली, मी डबा हातात घेतला तर झाकण अजून कोमट होतं. फोन लावला, लागला पण घाटात गाडी शिरलेली, नुसती खरखर. मग डबा उघडला तर धपाट्यांवर छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत पाचशेची नोट, मी आदल्या दिवशी ओवाळणीत घातलेली तीच, कोपऱ्यावर हळदीकुंकवाचा डाग होता म्हणून ओळखली. त्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं होतं आणि माझ्याकडं पैसे नव्हते हे तिला माहिती होतं. सरळ परत दिली असती तर मी घेतली नसती.

खरं सांगतो, हे लिहिताना हात थांबला दोनदा. आणि मुखडा त्याच दिवसावरून सुचला होता तरी हे कधी गाण्यात येईल असं वाटलंच नव्हतं. डबा, धपाटे, पाचशेची नोट, हे गाण्यातलं वाटतच नाही ना.

ओवी_जात्यावरची

दादा, तुमचा अंतरा हाच आहे. तीन वर्षं तो डब्यात होता. यातला एकही शब्द गोड करू नका.

दुसरी_पाळी

वरचं वाचून मीही इथं कंपनीच्या बसमध्ये गप्प बसलो थोडा वेळ. अंतऱ्याचं ओवीताईंनी केलंय, मी सवयीबद्दल लिहितो कारण त्यात मी स्वतः खूप आपटलोय. चाकणला कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, कधी सकाळी सहाला हजर, कधी रात्री बारानंतर घरी, त्यामुळं 'रोज पहाटे पाच' हे माझ्यासाठी शक्यच नाही आणि वर्षानुवर्षं मी तेच ठरवत राहिलो आणि मोडत राहिलो आणि प्रत्येक वेळी मोडलं की दोन-दोन महिने काही लिहायचो नाही, कारण वही उघडली की आधी अपराधी वाटायचं. माझं मत स्पष्ट आहे, नोकरी करणाऱ्यानं घड्याळाची वेळ ठरवू नये. कामाला जोडावं. मी बसच्या प्रवासाला जोडलंय, चाळीस मिनिटं जाताना चाळीस येताना, शिफ्ट कुठलीही असली तरी बस असतेच. जाताना ऐकायचं, येताना लिहायचं किंवा फोनमध्ये गुणगुणून रेकॉर्ड करायचं, इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकूही जात नाही.

आणि एक नियम, ज्यानं माझा खूप फायदा झाला: नवा मुखडा लिहायची बंदी. म्हणजे जोपर्यंत हातातल्या मुखड्याला कसाही, वाईटसुद्धा चालेल, पण पूर्ण अंतरा होत नाही तोपर्यंत पुढचा मुखडा कागदावर घ्यायचा नाही, सुचला तर नुसता आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचा आणि बंद. मुखडा सुचण्यात मजा असते म्हणून आपण परत परत तिथंच जातो. तुझे ४३ त्यातूनच झालेत असं वाटतं मला.

रविवार_संध्याकाळ

दुसरी_पाळी यांचं पटतंय, पण मी अजून एक पाऊल पुढं जाईन. वेळेला नको, बसलाही नको, माणसाला बांधा.

आम्ही नाशिकला पाच जण दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी जमतो, सहा वर्षं झाली. एक जण बँकेत, एक शिक्षिका, एक जण मेडिकल दुकान चालवतो, एक कॉलेजचा पोरगा आणि मी. पद्धत साधी आहे. जमल्यावर एक जण पुढच्या वेळेसाठी काहीतरी देतो. कधी वृत्त देतो, भुजंगप्रयात म्हणा किंवा आनंदकंद म्हणा. कधी ठेका, जसं सात मात्रांचा रूपक, तो आला की सगळ्यांची तारांबळ उडते कारण आठाची सवय झालेली असते. कधी नुसती 'ल ल ला' अशी गुणगुणलेली चाल व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि त्यावर शब्द बसवायचे, स्टुडिओत गीतकाराला करावं लागतं तसंच. चालीवर लिहिणं आणि लिहिलेल्याला चाल लावणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही यायला हवीत, नाहीतर हातात काम आलं की घाबरायला होतं. जो लिहून आणणार नाही त्यानं चहा-भज्यांचे पैसे द्यायचे, एवढाच दंड. पण खरं काम दंड करत नाही, चार माणसं आपल्या गाण्याची वाट बघतायत हे करतं.

आणि यात कमीपणा काही नाही. गीतरामायण घ्या ना. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर वर्षाहून थोडं जास्त, आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं गदिमांनी लिहिली आणि बाबूजींनी चाली लावल्या. त्यांची प्रतिभा आपल्यात नाही हे मान्य, पण शुक्रवारी कार्यक्रम आहे आणि गाणं द्यायचंय, एवढी ठाम वाट बघणारं कुणीतरी तिकडं होतं, हेही तितकंच खरं. तुला तर मित्र आहेच. त्याला सांग, महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार पतसंस्थेला सुट्टी असेल तर त्या दिवशी मी येणार आणि पूर्ण गाणं घेऊन येणार, अंतरा वाईट असला तरी.

चुकलेल्या दिवसांचं काय करायचं म्हणशील तर काहीच करायचं नाही. आमच्यातला मेडिकलवाला कोविडमध्ये सात महिने एक ओळ लिहू शकला नाही, दुकान सकाळी सात ते रात्री अकरा. परत आला तेव्हा त्यानं मागचं भरून काढायचा प्रयत्न केला नाही, आला आणि पुढच्या पंधरवड्याचं वृत्त घेऊन गेला. त्याचं त्यानंतरचं गाणं आमच्या सगळ्यांत चांगलं आहे असं मी मानतो.

पेटीवाली_ताई

रविवारभाऊ, सात मात्रांचं अगदी खरं. माझ्या मुलींना मी आधी रूपकात नुसतं स्वतःचं नाव आणि पत्ता म्हणायला लावते. ठेका अंगात गेल्याशिवाय शब्द त्यात उतरत नाहीत.

काठावरच्या, तुझी बहिणीची गोष्ट वाचली. अंतरा लिहिलास की टाक इथं. मी वाट बघतेय.

काठावरचा

मंडळी, नऊ दिवसांनी येतोय. पहिल्यांदा सवयीचं सांगतो, शनिवार ठरला मित्राबरोबर, दुसरा आणि चौथा, त्याच्या आईलाही सांगितलंय त्यामुळं आता चुकवता येणार नाही. मधल्या दिवसांत संध्याकाळी पतसंस्था बंद झाल्यावर नदीकडनं चालत घरी येतो, दोन किलोमीटर आहे, आधी गाडीवर यायचो. चालताना पावलाच्या ठेक्यावर ओळी म्हणत येतो, घरी आल्यावरच लिहितो. पहाटेचं सोडून दिलं.

अंतरा तीन वेळा लिहिला. पहिल्या दोन खेपेला परत 'माया' आणि 'नातं' असले शब्द घुसले, ओवीताईंचं 'गोड करू नका' आठवून खोडले. मग सरळ जे घडलं तेच घेतलं आणि तिसरी ओळ मुखड्याच्या यमकावर आणली, म्हणजे तिथून परत 'शेवटची ती'वर येता येतं:

पारावर तो डबा राहिला, झाकण अजुनी कोमट आहे
फोन लावला, घाटामध्ये खरखर नुसती, वारा वाहे
उघडुन बघतो, ओवाळणिची नोट परत ही माझ्या हाती

शनिवारी मित्रानं दोनदा म्हटलं आणि कीबोर्डवरचा हात काढून बसला. म्हणाला आता मुखडा परत आला की त्याचा अर्थच बदलतो रे, आधी वाटतं हा नुसता निरोप देतोय आणि दुसऱ्यांदा 'हात हलवला कुणी कुणाला' म्हणताना कळतं की कोण कुणाला काय देऊन गेलं. हे मी ठरवून केलेलं नव्हतं.

बहिणीला अजून ऐकवलं नाही. आधी दुसरा अंतरा करायचाय, तो तिच्या बाजूनं असावा का, म्हणजे गाडीच्या आतून, याचा विचार करतोय.

एक अडलंय. 'नोट परत ही' या जागेवर मित्राला त्रास होतोय. त्याला तिथं थोडं थांबायचंय, सूर धरायचाय, पण शब्द पळतात. मात्रा तर बरोबर आहेत. काय करू?

पेटीवाली_ताई

म्हणून बघितला, डोळे भरून आले, मग पेटीवर परत बसले. अडतंय कारण 'ट प र त' ही चार लघू अक्षरं ओळीनं आलीत, टपटप पडतात, थांबायला एक स्वर नाही तिथं. 'परत'च्या जागी 'पुन्हा' घे. 'नोट पुन्हा ही माझ्या हाती.' मात्रा आठच्या आठ राहतात आणि 'न्हा'चा आ त्याला हवा तेवढा धरता येईल. आणि दुसरा अंतरा गाडीच्या आतूनच लिही. तिच्या मांडीवर पोरगं झोपलंय, त्याला भूक लागेल आणि डबा नाही, तिथून सुरू कर.

ओवी_जात्यावरची

ताई, पोराच्या भुकेचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दादा, बहिणीला विचारा त्या रात्री त्याला काय खायला दिलं ते.